स्क्रिप्ट मेली, मोटार चालूच

येलदरीच्या जलाशयाकाठी मोनोब्लॉक पंप बसवलेल्या शेतकऱ्याला दोन गोष्टींचा भरवसा नसतो: वीज केव्हा येईल आणि पाणी कुठवर असेल. पूर्णा नदीवरचे हे धरण भरले की पाणी वावराच्या बांधाला येऊन टेकते. उन्हाळ्यात तेच पाणी मागे मागे सरकते, फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो आणि मोटार हवा ओढू लागते. थ्री फेज वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने येत राहिली, कधी दिवसा तर कधी ऐन मध्यरात्री. त्यामुळे मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणाऱ्या डब्याचे मराठवाड्यात आता कुणाला नवल वाटत नाही. बाजारात तो तयार मिळतो. हात चालणारी तरुण मंडळी ईएसपी-32 किंवा रास्पबेरी पाय पिको अशी काही शे रुपयांची पाटी आणून घरीही बनवतात.

चालू करणे सगळ्यांना जमते. थांबवणे जमते का, हा प्रश्न बहुधा मोटार जळाल्यावर पडतो.

समजा, डब्यातल्या स्क्रिप्टने रात्री 1 वाजता मोटार चालू केली आणि चाळीस मिनिटांनी ती बंद करायची म्हणून वाट पाहत बसली. दहा मिनिटांनी मालकाने मोबाइलवर ‘थांबवा’ दाबले. डब्यातल्या मुख्य प्रोग्रामने हुकूम मानला आणि स्क्रिप्ट मारून टाकली. पडद्यावर ‘थांबले’ असे उमटलेही. पण मोटार बंद करण्याची ओळ त्याच स्क्रिप्टच्या शेवटी होती, आणि मेलेली स्क्रिप्ट शेवटापर्यंत पोचत नाही. मोटार सकाळपर्यंत चालत राहते, किंवा पाणी सुटल्यावर कोरडी फिरून गुंडाळी जाळून घेते.

चालू स्क्रिप्ट जबरदस्तीने कशी थांबवायची, आणि थांबवल्यावर तिने मागे ठेवलेला पसारा कोणी आवरायचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याची उत्तरे तयार मिळतात. दुसरा मात्र बहुतेक जण विसरतात.

डब्यातला मुख्य प्रोग्राम साधारणपणे सी भाषेत असतो. तो चिपमध्ये एकदा भरला की सहसा कोणी हात लावत नाही. पण पाळीचे वेळापत्रक दर आठवड्याला बदलते, एकाला ठिबक चालवायचे असते तर दुसऱ्याला पाट. म्हणून बदलणारा भाग वेगळ्या, छोट्या भाषेत लिहितात आणि ती भाषा चालवणारे इंजिन मुख्य प्रोग्रामच्या पोटात बसवतात. ब्राझीलमध्ये रिओच्या विद्यापीठात 1993 साली जन्मलेली लुआ नेमकी अशा कामासाठीच घडवलेली आहे. मायक्रोपायथन, क्विकजेएस आणि गूगलचे व्ही-8 ही त्याच वाटेवरची इतर नावे. गूगल शीटमध्ये अ‍ॅप्स स्क्रिप्ट लिहून शाळेची हजेरी जुळवणारे शिक्षकही पोटातले इंजिनच वापरत असतात. तिथे एका धावेला सहा मिनिटांची हद्द असते आणि ती संपली की गूगल स्क्रिप्ट जागच्या जागी तोडते. पन्नास पालकांना ईमेल जायचे होते आणि तिसाव्याला स्क्रिप्ट तुटली, तर पुढच्या वेळी पहिल्या तिसांना तेच पत्र पुन्हा जाते. कुठवर आलो याची नोंद स्क्रिप्टने प्रत्येक पायरीला बाहेर ठेवली असेल, तरच हे टळते.

एखादी स्क्रिप्ट कधी तरी आपणहून थांबेल की नाही, हे नुसते वाचून सांगणारा सर्वसाधारण मार्ग अस्तित्वात नाही. अ‍ॅलन ट्युरिंगने 1936 सालीच ते सिद्ध करून ठेवले आहे. त्यामुळे ‘आमची स्क्रिप्ट साधी आहे, ती अडकणार नाही’ या बोलण्याला किंमत नाही. थांबवण्याची सोय बाहेरून करावी लागते आणि स्क्रिप्ट लिहिण्याआधी करावी लागते.

आता असिंक्रोनस, म्हणजे मध्येच वाट पाहत थांबणाऱ्या कोडची खास अडचण. अशा कोडच्या दोन अवस्था असतात. एक, तो खरोखर चालत असतो, प्रोसेसर त्याच्या ताब्यात असतो. दुसरी, तो ‘अवेट’वर थांबलेला असतो: नेटवर्कचे उत्तर, सेन्सरचे वाचन, टायमरची मुदत यांची वाट पाहत. दुसऱ्या अवस्थेत त्याची एकही ओळ चालत नसते. थांबवण्याची बहुतेक साधने पहिल्या अवस्थेसाठी बनवलेली आहेत. वाट पाहणाऱ्यावर त्यांनी घाव घातला तरी तो कुणालाच लागत नाही, आणि मुदत भरली की ‘मेलेला’ कोड उठून पुढची ओळ चालवतो.

नोड जेएसच्या ‘व्हीएम’ मॉड्यूलमध्ये हा घोटाळा स्वच्छ दिसतो. तिथे स्क्रिप्टला मिलिसेकंदांत मुदत देता येते. सरळ अनंत लूप लिहिला तर मुदत संपताच तो तुटतो आणि लिहिणारा खूश होतो. मात्र तोच लूप प्रॉमिसच्या ‘देन’मध्ये, म्हणजे नंतर चालवायच्या भागात टाकला की स्क्रिप्ट लगेच ‘पूर्ण’ होते, मुदतीचे घड्याळ बंद पडते, आणि त्यानंतर सूक्ष्म कामांच्या रांगेतून लूप सुरू होऊन अख्खा प्रोग्राम गिळतो. नोडच्या अधिकृत माहितीपत्रकातच हे उदाहरण दिलेले आहे. 14.6 या आवृत्तीपासून ती रांग मुदतीच्या आत चालवून घेण्याचा पर्याय मिळतो, पण तो मागून घ्यावा लागतो. शिवाय हे मॉड्यूल सुरक्षेचे कुंपण नव्हे, असेही तेच माहितीपत्रक बजावते. अनोळखी माणसाची स्क्रिप्ट चालवणाऱ्यांनी ते वाक्य दोनदा वाचावे.

मग करायचे काय? तीन थर लागतात. एकावर भागवण्याचा मोह टाळावा.

पहिला थर विनंतीचा. मुख्य प्रोग्राम स्क्रिप्टला ‘आता आवर’ असा निरोप देतो आणि स्क्रिप्ट पुढच्या अवेटला तो ऐकते. पायथनमध्ये टास्कला ‘कॅन्सल’ म्हटले की अवेटच्या जागी एक खास अपवाद उडतो, ‘फायनली’मधला आवरण्याचा कोड चालतो आणि टास्क संपतो. जावास्क्रिप्टमध्ये हे काम ‘अबॉर्ट कंट्रोलर’चा संकेत करतो, मात्र तिथे स्क्रिप्टने तो संकेत स्वतः तपासावा लागतो किंवा ‘फेच’सारख्या कामाला सोपवावा लागतो. चांगल्या स्क्रिप्टसाठी हा थर उत्तम, कारण आवराआवर तिच्याच हातून होते.

इथला नेहमीचा खड्डा म्हणजे सगळे अपवाद गिळून टाकणारा कोड. ‘काहीही चूक झाली तरी पुन्हा प्रयत्न कर’ असे लूपमध्ये लिहिले की रद्द करण्याचा निरोपही चूक समजून गिळला जातो आणि लूप पुन्हा सुरू. पायथनमध्ये हे इतक्या वेळा घडत असे की 2019 च्या 3.8 आवृत्तीत रद्द करण्याचा अपवाद सामान्य अपवादांच्या कुळातून बाहेर काढण्यात आला. तरीही कोणताही प्रकार न सांगता नुसते ‘एक्सेप्ट’ लिहिणाऱ्यापुढे भाषेचे काही चालत नाही. मायक्रोपायथनमध्ये अडचण आणखी एक पायरी पुढे जाते: एका टास्कने अवेटशिवाय लूप धरला, तर रद्द करण्याचा निरोप वाचणारा टास्कच चालत नाही. मालक मोबाइलवर बटण दाबत राहतो, डब्याला ते ऐकूच येत नाही.

म्हणून दुसरा थर, इंजिनच्या आतून तोडण्याचा.

लुआमध्ये मुख्य प्रोग्राम एक ‘हुक’ लावू शकतो: दर अमुक इतक्या सूचनांनंतर इंजिन क्षणभर थांबते आणि मुख्य प्रोग्रामचे एक फंक्शन बोलावते. मुदत संपली असेल तर ते फंक्शन एरर फेकते आणि स्क्रिप्ट उलगडत बाहेर येते. लुआच्या आज्ञावली-खिडकीत कंट्रोल-सी दाबल्यावर चालू काम तुटते ते याच युक्तीने. ऐकायला सोपे वाटते, पण त्यात चार पाचरी आहेत. लुआमधली एरर ‘पी-कॉल’ने पकडता येते, त्यामुळे हट्टी स्क्रिप्ट ती पकडून पुढे चालू शकते. हुक प्रत्येक को-रुटीनचा, म्हणजे मध्येच थांबून पुन्हा चालू होऊ शकणाऱ्या कामाचा, वेगळा असतो. नव्या को-रुटीनला तो जन्मदात्याकडून मिळतो, पण आधीच जन्मलेल्यांना मागाहून लावलेल्या हुकची खबर नसते. असिंक्रोनस लुआ तर को-रुटीनवरच उभी असते, म्हणजे मुख्य धाग्यावर ऐनवेळी हुक लावून काम होत नाही. तिसरी पाचर अशी की हुक लुआच्या सूचना मोजतो, सी भाषेतल्या फंक्शनच्या नाही. भलत्याच नमुन्याने लांबलचक मजकुरात शोध सुरू झाला तर इंजिन सी कोडच्या आत अडकते आणि मोजणी पुढे सरकतच नाही. आणि वेगासाठी लुआजिट वापरली, तर मशीन कोडमध्ये रूपांतरित झालेल्या लूपमध्ये मूळ मांडणीनुसार हुक तपासलाच जात नाही.

पी-कॉलच्या पाचरीवर रेडिस या डेटाबेसने शोधलेला उपाय मासलेवाईक आहे. रेडिसच्या पोटात लुआ आहे. स्क्रिप्ट पाच सेकंदांहून लांबली की रेडिस बाकीच्यांना ‘व्यस्त’ असे उत्तर देऊ लागतो आणि ‘स्क्रिप्ट किल’ ही आज्ञा स्वीकारतो. मारायचे ठरले की तो हुकची मांडणी बदलतो: आता प्रत्येक ओळीला हुक, प्रत्येक ओळीला एरर. स्क्रिप्टने एक पकडली की पुढच्याच ओळीला दुसरी. पळायला जागाच उरत नाही. लुआ पोटात घेणाऱ्याने ही युक्ती बिनदिक्कत उचलावी.

पण त्याच रेडिसमध्ये दुसरी एक अट आहे आणि ती जास्त शिकण्यासारखी आहे. स्क्रिप्टने तोवर डेटाबेसमध्ये एक जरी नोंद लिहिली असेल, तर ‘स्क्रिप्ट किल’ नाकारले जाते. अर्धवट लिहिलेला डेटा मागे ठेवण्यापेक्षा, न जतन करता अख्खा सर्व्हर बंद करणे रेडिसला जास्त प्रामाणिक वाटते. म्हणजे ‘मारता येते का’ याच्याआधी रेडिस ‘आता मारणे योग्य आहे का’ हे विचारतो. आपल्या डब्याने हेच विचारायला हवे.

जावास्क्रिप्टची इंजिने या बाबतीत लुआहून कडक आहेत. क्विकजेएसमध्ये मुख्य प्रोग्राम एक व्यत्यय-फंक्शन देतो. त्याने ‘हो’ म्हटले की फेकली जाणारी एरर स्क्रिप्टला पकडताच येत नाही. व्ही-8 मध्ये तोडण्याचा हुकूम दुसऱ्या थ्रेडवरूनही देता येतो, आणि तो आला की ‘कॅच’च काय, ‘फायनली’ही चालत नाही. जावाच्या जगात ग्रालव्हीएमचा संदर्भ, म्हणजे स्क्रिप्ट जिच्यात चालते ती चौकट, बाहेरून सक्तीने बंद करता येतो, तर जुन्या ऱ्हायनोमध्ये सूचना मोजणारे फंक्शन लिहून घ्यावे लागते. वेबअसेम्ब्ली चालवणाऱ्या वासमटाइममध्ये स्क्रिप्टला ‘इंधन’ मोजून देण्याची सोय आहे. इंधन संपले की काम तुटते.

‘फायनली चालत नाही’ हे वाक्य वाचून पुढे जाऊ नये. मोटार बंद करणारी ओळ फायनलीमध्ये ठेवून निर्धास्त झालेल्यांचा सगळा हिशेब तिथे कोसळतो. विनंतीच्या थरात फायनली चालते, तोडण्याच्या थरात ती चालेलच असे नाही. आणि जिथे चालते, तिथे फायनलीच अडकू शकते: तिच्यात सर्व्हरला ‘मोटार बंद केली’ असे कळवणारा अवेट लिहिला आणि रेंज गेली, की आवराआवरच अनंतकाळ चालू. आवरायलाही स्वतःची मुदत हवी. दोन-तीन सेकंद पुष्कळ झाले, त्यानंतर पुढचा थर.

आता ती दुसरी अवस्था, अवेटवर बसलेल्या कोडची. त्याला तोडायचे म्हणजे त्याला उठवणाऱ्यांना रोखायचे. बऱ्याच छोट्या इंजिनांत ही रांग मुख्य प्रोग्रामच चालवतो. क्विकजेएसमध्ये प्रलंबित काम चालवण्याची हाक मुख्य प्रोग्रामने मारल्याशिवाय प्रॉमिसची एकही पायरी सरकत नाही. तेव्हा थांबवण्याच्या क्षणी टायमर रद्द करावेत, सॉकेट मिटवावेत आणि त्या संदर्भाची रांग पुन्हा चालवू नये. लुआ 5.4 मध्ये थांबलेले को-रुटीन बाहेरून मिटवण्याची सोय आली आहे आणि मिटताना ‘क्लोज’ म्हणून नोंदवलेली चले नीट आवरली जातात. पोटात लुआ घेताना जुनी 5.1 निवडण्याआधी एवढ्या एका गोष्टीसाठी तरी विचार करावा.

तरीही एखादा कॉलबॅक सुटतोच. मोडेमने उत्तर उशिरा दिले, तोवर जुनी स्क्रिप्ट मारून नवी सुरू झाली होती, आणि जुन्याचे उत्तर नव्याच्या हातात पडले. अशा वेळी सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक धावेला एक क्रमांक देणे. स्क्रिप्टने मागितलेल्या प्रत्येक कामावर तो क्रमांक चिकटवायचा. उत्तर परत आले की आधी क्रमांक पाहायचा. चालू धावेचा नसेल तर उत्तर फेकून द्यायचे. दहा-पंधरा ओळींचे काम आहे. त्यावाचून असिंक्रोनस स्क्रिप्ट मारण्याचा कोणताही दावा करू नये.

तिसरा थर मुळावर घाव घालण्याचा. संगणकावर किंवा सर्व्हरवर स्क्रिप्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवावी, म्हणजे शेवटी ती प्रोसेसच मारता येते आणि तिची स्मृती, फाइली, सॉकेट ऑपरेटिंग सिस्टीम परत घेते. ब्राउझरमध्ये आणि नोडमध्ये ‘वर्कर’ला टर्मिनेट करणे हा त्याच जातीचा पण थोडा हलका उपाय. मात्र एकाच प्रोसेसमधला थ्रेड बाहेरून मारण्याच्या फंदात पडू नये. जावाने थ्रेड थांबवणारी पद्धत 1998 मध्येच नापसंत ठरवली, कारण मेलेला थ्रेड आपली कुलुपे सोडून जातो आणि त्यांच्या आतला डेटा अर्धवट राहतो. अखेर 2023 च्या जेडीके 20 मध्ये ती हाक मारली की काम न होता नुसती एरर येऊ लागली. नव्या डॉटनेटमध्येही थ्रेड-अबॉर्ट चालत नाही. पंचवीस वर्षे पोळून घेतलेल्या लोकांचा हा निर्णय आहे. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

शेतातल्या डब्यात वेगळी प्रोसेस नसते. तिथे मुळावरचा घाव म्हणजे वॉचडॉग: चिपमधले स्वतंत्र घड्याळ, ज्याला ठरावीक वेळात ‘मी शुद्धीवर आहे’ असे कळवले नाही तर ते अख्खी चिप रीसेट करते. पिकोवर मायक्रोपायथनमध्ये ही मुदत जास्तीत जास्त 8,388 मिलिसेकंद ठेवता येते, आणि एकदा सुरू केलेला वॉचडॉग बंद करता येत नाही. ही अडचण वाटते, पण तेच त्याचे बळ आहे. बिघडलेल्या स्क्रिप्टला तो बंद करता आला असता तर तो ठेवून उपयोग काय? इथली सर्रास दिसणारी चूक म्हणजे वॉचडॉगला कळवण्याचे काम टायमरच्या व्यत्ययाला सोपवणे. मुख्य लूप मेला तरी टायमर इमानाने कळवत राहतो, आणि वॉचडॉग समजतो की सारे आलबेल आहे. कळवणे मुख्य लूपमधूनच व्हावे, आणि तेही सेन्सर वाचला, निरोप तपासला, स्क्रिप्टची मुदत पाहिली, एवढे सगळे पार पडल्यावर.

असेच थर जलविद्युत केंद्रातही असतात. येलदरी धरणाच्या पायथ्याच्या जलविद्युत केंद्रात साडेसात मेगावॉटचे तीन संच आहेत, एकूण 22.5 मेगावॉट. कोणत्याही जलविद्युत केंद्रात जनित्रावरचा भार अचानक सुटला की टर्बाइन बेफाम फिरू लागते आणि पाणी तोडावे लागते. पण ते एका झटक्यात तोडले तर नळातल्या पाण्याचा धक्का नळच फोडू शकतो. म्हणून टर्बाइनभोवतीची पाती ठरवून दिलेल्या वेगाने मिटतात. ती अडकलीच, तर वरच्या बाजूचा झडपेचा किंवा दरवाजाचा अडसर पडतो. विनंती, तोडणे आणि मुळावरचा घाव हा क्रम यंत्र अभियंत्यांनी संगणकाच्या आधीच ठरवलेला आहे. त्यातली मेख अशी की पाणी तोडण्याचा अधिकार वीज वापरणाऱ्याच्या हाती कधीच नसतो.

डब्यात हेच करायचे म्हणजे रिलेची किल्ली स्क्रिप्टच्या हाती द्यायची नाही. स्क्रिप्टने पिन थेट वर-खाली करू नये. तिने मुख्य प्रोग्रामकडे मोटार चालू ठेवण्याची परवानगी मागावी, आणि ती परवानगी मुदतीची असावी. समजा, दहा सेकंदांची. स्क्रिप्ट जिवंत आहे तोवर ती दर काही सेकंदांनी परवानगी वाढवून घेते. स्क्रिप्ट मेली, अडकली, तिचा निरोप हरवला, काहीही झाले तरी वाढ थांबते आणि दहा सेकंदांत मुख्य प्रोग्राम रिले सोडतो. या रचनेत ‘मोटार बंद कर’ ही ओळ स्क्रिप्टमध्ये नसली तरी बिघडत नाही. चाळीस मिनिटांच्या एका लांब अवेटऐवजी पाच-पाच सेकंदांचे तुकडे करावे लागतात, एवढाच काय तो त्रास.

रिले सोडला म्हणजे मोटार थांबली, असेही धरून चालू नये. सगळा कोड बरोबर असूनही फसगत होते ती इथे. शेतातला साधा डीओएल स्टार्टर हिरव्या बटणाने सुरू होतो आणि मग स्वतःच्याच कॉन्टॅक्टने स्वतःला धरून ठेवतो. डब्याचा रिले हिरव्या बटणाला समांतर जोडला असेल, तर रिले सुटल्यावर स्टार्टरला काही फरक पडत नाही. बटणावरचे बोट उचलावे तसा तो. थांबवायला लाल बटणाच्या मालिकेत दुसरा कॉन्टॅक्ट लागतो, आणि तो असा जोडावा की डब्याचा पुरवठा गेला, चिप रीसेट झाली किंवा तार तुटली तर स्टार्टर सुटेल. हे काम वायरमनचे आहे. घरच्या हौशी माणसाने थ्री फेजमध्ये हात घालू नये.

चिप रीसेट होतानाचे काही क्षणही धोक्याचे असतात. त्या काळात पिना कोणाच्याच ताब्यात नसतात, आणि ईएसपी-8266 च्या काही पिना सुरुवातीला क्षणभर वर जातात. बाजारातली पुष्कळ रिले मॉड्यूल खालच्या पातळीवर चालू होणारी असतात. म्हणजे वॉचडॉगने डबा वाचवण्यासाठी रीसेट केला आणि त्याच झटक्यात मोटार सुरू झाली, असेही घडू शकते. पिन निवडताना चिपचे पत्रक पाहावे आणि पिनेला बाहेरून रेझिस्टर लावून तिची निष्क्रिय पातळी पक्की करावी. रीसेटनंतर डब्याने मोटार आपणहून लगेच सुरू करू नये, हेही त्यातच आले. महावितरण शेतकऱ्यांना ऑटोस्विच काढून टाकण्याचे आवाहन वारंवार करते, कारण वीज येताच सगळे पंप एकदम सुरू झाले की रोहित्रावर भार पडतो आणि ते जळते. डबा हा नव्या कपड्यांतला ऑटोस्विच होऊ नये. रीसेट का झाला याचे कारण आधी नोंदवावे, मालकाला कळवावे, आणि पुन्हा सुरू करायचेच असेल तर प्रत्येक डब्याने काही मिनिटांचा वेगवेगळा विलंब घ्यावा.

डबा शेतात नेण्याआधी टेबलावर, रिलेला मोटारीऐवजी दिवा जोडून, त्याला मुद्दाम वाईट स्क्रिप्ट खायला घालाव्यात. नुसता अनंत लूप तर हवाच. शिवाय सगळे अपवाद गिळणारा लूप, कधीच न पुरे होणारा अवेट, स्वतःलाच पुन्हा पुन्हा रांगेत लावणारे प्रॉमिस, हुक लावण्याआधीच जन्मलेल्या को-रुटीनमधला लूप, सी फंक्शनमध्ये अडकणारा मजकूर-शोध, आणि फायनलीमध्येच झोपणारी स्क्रिप्ट. प्रत्येक वेळी ‘थांबवा’ दाबून दिवा किती सेकंदांत विझतो ते घड्याळ लावून पाहावे. पडद्यावर काय उमटले, ते हिशेबात धरू नये. डब्याची वीज मध्येच काढून, मोडेमची वायर उपसून, मारल्यावर लगेच नवी स्क्रिप्ट सुरू करूनही हेच करावे. यातल्या एकाही प्रसंगात दिवा परवानगीच्या मुदतीपलीकडे जळत राहिला, तर डबा तयार झालेला नाही.

एवढे झाल्यावरही जुना ओव्हरलोड रिले आणि ड्राय-रन संरक्षण स्टार्टरमध्येच राहू द्यावे. डबा आला म्हणून ते काढून टाकू नये, आणि हाताने दाबायचे लाल बटण झाकले जाईल अशा जागी डबा बसवू नये.